न फाटलेला चहा

ते प्रकरण मला अजून आठवतं, आणि आठवायला फार काही लागत नाही. कोणाकडे गेले आणि पुढ्यात चहा आला की पुरे. माझी आठ वर्षांची नात म्हणते, "आजी, तू चहाकडे अशी बघतेस, जशी काही त्याने चोरी केलीय." तिला काय सांगू? एकदा एका चहाने माझ्यासमोर खरी साक्ष दिली होती आणि मी ती घटाघटा पिऊन, "छान झालाय हो" म्हणत बशी परत केली होती.

दोन हजार सालानंतरची काही वर्षं उलटली होती. पनवेल भागातल्या एका पोलीस ठाण्यात मी फौजदार होते. खात्यातली परीक्षा देऊन नुकतीच वर आलेली. कायद्याच्या पेपरात चांगले गुण पडले होते आणि ती गुणपत्रिका मी टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. बाकीच्यांच्या काचेखाली देव असायचे, माझ्या काचेखाली मी. खुर्ची जरा उंच करून घेतली होती, आवाज जरा जाड करून घेतला होता, आणि कोणी काही सांगायला लागलं की मी आधी कलमाचा आकडा सांगायचे.

माझ्या हाताखाली एक महिला हवालदार होत्या. सगळं ठाणं त्यांना मावशी म्हणायचं. उरणकडच्या, मिठागरावर वाढलेल्या, निवृत्तीला चार-पाच वर्षं राहिलेल्या. त्यांना मी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "मावशी, मी चौकशी करत असताना मध्ये बोलायचं नाही. शिस्त म्हणून सांगते." त्या म्हणाल्या, "बरा." आणि त्यांनी ते पाळलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वैशाखातल्या एका सकाळी हजेरी चालू असताना एक बाई आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत झाडांची पानं. कडा करपलेल्या, तपकिरी, हात लावला की चुरा. ठाणे अंमलदारांनी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "फसवलंय मला. ही पानं बघा."

अंमलदारांनी त्यांच्याकडचं जमीन खरेदीचं साठेखत वरवर चाळलं आणि नेहमीचं उत्तर दिलं. "बाई, हा जमिनीचा व्यवहार. दिवाणी मामला आहे. वकील गाठा." बाई बाकावर बसल्या. दुसऱ्या दिवशीही येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी साहेबांनी, म्हणजे आमच्या वरिष्ठ निरीक्षकांनी, त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर टाकला. "फौजदारीणबाई, तुमचा कायदा पक्का आहे म्हणतात. करा चौकशी."

हकिकत अशी. या बाईंची विचुंब्याला भाड्याच्या जागेवर पंधरा वर्षं नर्सरी होती. खारघरच्या सोसायट्यांना झाडं पुरवायच्या. जागेवर इमारत उठणार म्हणून मालकाने जागा मागितली. मग त्यांनी खाडीकडच्या एका गावात विहीर असलेली जमीन ठरवली. विकणारा तिथलाच बडा असामी. गावात सगळे त्याला शेठ म्हणायचे, मीही तसंच म्हणते. त्याचं घर त्याच जमिनीला लागून, आणि विहिरीवरून एक नळ त्याच्या घरातही गेलेला. भाद्रपदात बाईंनी विहिरीचं पाणी पाहिलं, ओंजळीने प्यायल्या. गोड होतं. दसऱ्याआधी साठेखत झालं. इसार म्हणून होतं नव्हतं ते दिलं. उरलेली रक्कम ज्येष्ठात, नाहीतर इसार बुडाला.

माघात त्यांनी झाडं नेली. फाल्गुनात पानं कडेने जळायला लागली. चैत्रात निम्मी रोपं गेली.

"रोपं पुन्हा करता येतील," बाई म्हणाल्या, "पण माझा सोनचाफा आहे ना, ड्रममधला, तो आईझाड आहे. त्याची कलमं करूनच मी इथवर आले. पंधरा वर्षांचा आहे. आता त्याची पानं अशी झालीत. टँकरच्या पाण्यावर तगवलाय. तो गेला की माझा धंदाच गेला. आणि इसार अडकलाय तोवर दुसरी जागा घेऊ कशाने?"

मी म्हटलं, "काळजी करू नका. कलम चारशे वीस." जसं काही आकडा ऐकून झाडाला पालवी फुटणार होती.

मी कामाला लागले. पंच बोलावले, विहिरीचा पंचनामा केला, बाटलीत पाण्याचा नमुना घेऊन लाखेचं सील मारलं, प्रयोगशाळेला पाठवला. अहवाल आला, पाणी खारट, पिण्यास व शेतीस अयोग्य. मी तो साहेबांपुढे अशा थाटात ठेवला, की जणू दरोड्याचा मुद्देमाल जप्त केलाय.

साहेबांनी चष्मा वर केला. "पाणी खारट आहे हे त्या खाडीलाही माहीत आहे. आरोपी कोण? विहीर?"

"सर, शेठने गोडं आहे म्हणून सांगितलं होतं."

"आज खारं आहे. सही केली त्या दिवशी?"

मी अहवालावरची तारीख बघितली.

"आणि त्या दिवशी खारं होतं असं धरलं, तरी त्याला ते ठाऊक होतं? माणूस चुकीचं बोलू शकतो, मनापासून. करार मोडला म्हणजे फसवणूक होत नाही बाई. जे सांगतोय ते खोटं आहे हे त्याला सांगतानाच माहीत होतं, आणि समोरच्याने त्यावर विसंबून पाऊल टाकावं म्हणूनच तो ते बोलला, एवढं हाताला लागलं पाहिजे. तुम्ही पाणी बाटलीत भरून आणलंत. मला त्याच्या डोक्यातलं हवंय."

डोक्यातलं कसं भरून आणायचं, हे परीक्षेत विचारलेलं नव्हतं.

मग मी शेठच्या घरी गेले. मावशी बरोबर होत्या. शेठने ओटीवर खुर्च्या टाकल्या, पंखा लावला. माणूस अगदी शांत. मी काठी मांडीवर आडवी ठेवून जाड आवाजात विचारलं, "खारी विहीर गोडी म्हणून विकलीत?"

"मॅडम, गोडीच होती," तो म्हणाला. "त्या ताईंनी सोता प्यायलं पानी. कोजागिरीच्या उधानाला बांध फुटला, खाडी आत आली, तवापासून पानी बिघडलं. तलाठ्याचा पंचनामा हाय, बघा."

पंचनामा होता. खराच होता. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला बांध कोजागिरीच्या भरतीला खरोखरच फुटला होता, आणि तो साठेखतानंतर फुटला होता. खोटं बोलणारा माणूस शेजारी एक खरी गोष्ट उभी करून ठेवतो आणि आपण तिच्याकडेच बघत बसतो.

"आमीपन तेच पानी पितो मॅडम," शेठ पुढे म्हणाला. "आता काय करनार? सवय झाली."

मला त्याची दया आली. खरंच सांगते. तेवढ्यात त्याच्या बायकोने चहा आणला, मला आणि मावशींना. आलं, वेलची, दाट दूध, वर सायीचा पातळ पापुद्रा. मी प्यायले, छान झालाय म्हटलं, आणि ठाण्यात येऊन स्टेशन डायरीत नोंद केली. मग दोन दिवस खपून अर्जाचा निकाल लिहिला. "प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असून अर्जदारास सक्षम न्यायालयात दाद मागण्याबाबत समज द्यावी." अक्षर काय सुंदर आलं होतं.

सही करायला पेन उघडलं, तेव्हा मावशी टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, चौकशी संपली का?"

"संपली."

"मंग आता बोलू?"

"बोला."

"शेठच्या घरचा चा कसा व्हता?"

मला वाटलं, बाईंना चहाची तल्लफ आली. "चांगला होता की. का?"

"फाटला नाय तो."

मी पेनाला टोपण लावलं.

"खाऱ्या पान्यात दूध फाटतं, मॅडम. आमी मिठागरावरची मान्सं. आमच्याकडं वैशाखात गोडा पानी सपला की चा बंद, डाळ बंद. डाळ तर शिजतच नाय, रातभर चूल पेटली तरी. त्या बाईनं दुधाचा चा दिला, वर साय व्हती. मी कप ओटीच्या भायेर नेऊन उजेडात बगला. एक कण नाय फाटलेला. म्हंजे त्या चाचा पानी त्या हिरीचा नाय."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमी मधी बोलू नको म्हनलाव ना."

शिस्त माझीच होती. दहा वर्षं संसार केलेली बाई मी. पण माझ्याकडे स्वयंपाक सासूबाई करायच्या आणि मी ते लोकांना कौतुकाने सांगत फिरायचे. चहात काय फाटतं आणि काय नाही, याची मला काडीची माहिती नव्हती.

"आणि भाद्रपदात गोडं लागलं ते?" मी विचारलं.

"पावसाचा पानी हलका, तो वर तरंगतो. खारा खाली बसतो. दिवाळीपत्तूर वरचा उपसा, गोडा लागंल. मंग खालचा वर येतो. हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाबी म्हाईत. दसऱ्याच्या आत सही करून घेतली ना त्यानं? उगा नाय."

मी निकालाचा कागद फाडला आणि साठेखत परत काढलं. खरं सांगायचं तर ते मी तोवर लग्नपत्रिकेसारखं वाचलं होतं, नावं आणि तारीख. आता ओळ न् ओळ वाचली. नर्सरीच्या बाई चिकित्सक. त्यांनी दस्त लिहिणाऱ्याकडून एक वाक्य मुद्दाम घालून घेतलं होतं. सदर विहिरीचे पाणी बारमाही गोडे असून लिहून देणार यांचे कुटुंब पिण्यासाठी तेच पाणी पूर्वापार वापरीत आलेले आहे. खाली शेठची सही.

त्या वाक्यापाशी मी थांबले. पाणी कसं आहे याबाबत माणसाची चूक होऊ शकते. पण आपण स्वतः कोणतं पाणी पितो याबाबत कोणाची चूक होते? हे वाक्य खोटं ठरलं, तर ते चुकून खोटं असूच शकत नाही. साहेबांना हवं होतं ते त्याच्या डोक्यातलं, त्याने आपल्या सहीनिशी लिहून दिलेलं होतं.

साहेबांना दाखवलं. ते दोनदा वाचून म्हणाले, "आता शेठला बोलवा. आणि ओरडू नका."

शेठ आला. मी काठी घरी ठेवली होती. ठाण्याच्या मागच्या खोलीत गॅसची शेगडी होती. पंचांसमोर त्याच्या विहिरीतून कॅनमध्ये भरून आणलेलं पाणी होतं. मावशींनी शेठसमोर पातेलं ठेवलं, पाणी ओतलं, चहा-साखर, मग दूध. दूध पडताच त्याच्या गुठळ्या झाल्या. मावशींनी तो गाळून कपात ओतला आणि अदबीने त्याच्यापुढे ठेवला.

"घ्या शेठ. तुमच्या सवयीचा हाय."

शेठने कप बोटाने जरा लांब सरकवला.

"तुमच्या घरी मला असा नाही मिळाला," मी म्हटलं. आवाज साधाच, माझा स्वतःचा.

"पाहुन्यांसाठी भायरून आनतो मॅडम."

"फक्त पाहुण्यांसाठी?"

"...आमीबी तेच पितो. त्या दिवशी जरा बोलन्यात चूक झाली."

"कधीपासून आणता बाहेरून?"

"बांध फुटल्यापासून. त्याच्या आधी आमची हिरच. पूर्वापार."

"नक्की? आधी कधीच बाहेरचं नाही?"

"देवाशप्पथ."

मी लिहून घेतलं. पोलिसांपुढचा असा जबाब कोर्टात पुरावा म्हणून टिकत नाही, हे मला माहीत होतं. माझं कलमांचं पाठांतर कुठेतरी उपयोगी पडायचंच. मला त्याला एका तारखेला बांधून घालायचं होतं. गुन्हा दाखल केला. दोन दिवसांत शेठ अटकपूर्व जामिनासाठी कोर्टात गेला आणि अर्जात त्याच्या वकिलांनी तेच लिहिलं. बांध फुटेपर्यंत अर्जदाराचे कुटुंब सदर विहिरीचेच पाणी पीत होते. आता ते कोर्टापुढे, त्याच्या प्रतिज्ञापत्रावर, कायमचं बसलं.

मग मी आणि मावशी शेठच्या घराच्या मागच्या दाराशी गेलो. पुढचं दार मी आधीच पाहिलं होतं, मागच्या दाराशी जायचं मला सुचलं नव्हतं. तिथून एक पायवाट निघत होती. शेताच्या बांधावरून, दोन ठिकाणी दगडात पायरी खोदलेली, मध्ये एका आंब्याखाली सपाट दगड, त्यावर कळशी टेकवून टेकवून पडलेला गोल खळगा. वाट वर टेकडीच्या अंगाला एका आजींच्या विहिरीवर जाऊन संपत होती.

"सात महिन्यात पडती का अशी वाट?" मावशी म्हणाल्या आणि त्या खळग्यात त्यांनी हाताची मूठ ठेवली. अख्खी मावली. फोटोग्राफरला बोलावून मी त्या दगडाचे फोटो काढून घेतले. माझ्या नोकरीत अनेक मुद्देमाल पाहिले, पण त्या दगडाइतका अभिमान मला कशाचा वाटला नाही.

आजी ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आजी, शेठच्या घरचे तुमच्याकडून पाणी नेतात?"

"नेतात ना."

"कधीपासून?"

"त्याची आई न्यायची. मंग बायको न्यायला लागली. तिला नवरी म्हून आनली तवा माझ्याच हिरीवर पयली कलशी भरली तिनं. आता तिचा पोरगा मिशी काढून फिरतो."

"शेठला हे ठाऊक आहे? की बायकाच आपल्या आपल्यात?"

आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या अंगावरचा गणवेश मला एकदम ढगळ वाटला.

"अगो, पान्याचा मान कोन देतो मंग? दर पाडव्याला तो सोता येतो. हिरीला नारल, मला लुगडा. त्याचा बापूस बी यायचा. ज्याचा पानी पितो त्याला पाडव्याला मान द्यायचा, ही गावची रीत हाय. या सालचा पन दिला. ह्यो काय, नेसलेय ना."

आजी उठून उभ्या राहिल्या आणि आम्हाला लुगडं दाखवलं. जांभळं, हिरव्या काठाचं.

जो माणूस दर पाडव्याला दुसऱ्याच्या विहिरीपुढे नारळ ठेवून वाकत होता, त्यानेच लिहून दिलं होतं, की आम्ही पूर्वापार आमचंच पाणी पितो. रीत सोडायची छाती त्याला झाली नाही. साठेखतात खोटं लिहायची झाली.

परतताना मागच्या दाराशी शेठची बायको उभी होती, कळशी कमरेवर. मी तिला काहीच विचारलं नाही. नवऱ्याविरुद्ध तिच्या तोंडून वदवून घ्यायची गरज नव्हती, आणि खरं तर मला तिचं तोंड चुकवायचं होतं. तिच्याच आदरातिथ्यावर मी केस उभी केली होती. पण ती आपणहून बोलली.

"मॅडम, त्या दिवशी हे मला ओटीवरून डोल्यानं खुनवत व्हते. हिरीच्या पान्याचा कर म्हून. मी नाय केला. दारात आलेल्या बाईला फाटलेला चा द्यायचा का?"

मी तिला हात जोडले.

पायवाटेचे फोटो आणि आजींचा जबाब जामिनाच्या सुनावणीत समोर आले, तसं शेठच्या वकिलांनीच करार रद्द करून इसार परत द्यायची तयारी दाखवली. मृगाच्या आधी बाईंना इसार मिळाला. त्यांनी कोन गावाजवळ जागा घेतली. सोनचाफ्याचा ड्रम टेम्पोत चढवायला चार माणसं लागली. बाई स्वतः मागे ड्रमला धरून उभ्या होत्या, पुढे बसायला तयारच होईनात. झाडावर पानं मोजून अकरा होती. पण शेंड्याला एक कोंब होता, हिरवा.

खटला मात्र चालायचा तेवढी वर्षं चालला. आजींची साक्ष मी कोर्टात मागच्या बाकावर बसून ऐकली. शेठच्या वकिलांनी त्यांना विचारलं, "आजी, ते पाणी पिण्यासाठीच नेत होते कशावरून? धुण्यासाठी नेत असतील."

आजी म्हणाल्या, "वकीलसाब, घरात हिरीला पंप हाय, नल हाय. धुन्यासाठी कोन टेकडी चढंल? तुमी चढाल का?"

न्यायाधीशांनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं. बहुधा हसू लपवलं असावं. शेठला शिक्षा झाली. निकालपत्रात एक परिच्छेद त्या साठेखतातल्या वाक्यावर होता आणि एक त्या दगडावरच्या खळग्यावर. चहाचा उल्लेख कुठेच नव्हता, कारण माझ्या स्टेशन डायरीत त्याबद्दल एवढंच लिहिलं होतं, "चहापान करून परत आलो."

बक्षिसासाठी शिफारस पाठवायची वेळ आली तेव्हा मी एकट्या मावशींचंच नाव पाठवलं. साहेबांनी विचारलं, "आणि तुमचं?" मी म्हटलं, "मी सही करत होते सर, त्यांनी थांबवलं." त्या दिवशी काचेखालची गुणपत्रिका काढून ठेवली. तिथे मावशींच्या प्रशस्तिपत्राची झेरॉक्स सरकवली. निवृत्त होईपर्यंत, ज्या ज्या ठाण्यात बदली झाली, तिथे तिथे ती माझ्या काचेखाली होती. नवे फौजदार विचारायचे, "मॅडम, हे दुसऱ्याचं का?" मग मी त्यांना ही गोष्ट सांगायचे आणि हाताखालच्या माणसांना चौकशीत मध्ये बोलू द्यायची सक्ती करायचे. प्रत्येक ठाण्यात अशी एखादी मावशी असतेच.

या केसने मला शिकवलं ते एवढंच. माणूस खोटं बोलतोय हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही. निदान मला तरी कधी कळलं नाही. तो स्वतःच्या घरात कशावर जगतो ते बघावं. जो माल तो दुसऱ्याला उत्तम म्हणून देतो, तो त्याच्या स्वयंपाकघरात आहे का ते बघावं. आणि त्यासाठी पुढच्या ओटीवर बसून भागत नाही, मागच्या दाराने फिरून यावं लागतं.

निवृत्तीनंतर एकदा मावशींना घेऊन मी कोनला त्या नर्सरीत गेले होते. सोनचाफा ड्रममधून जमिनीत आला होता, माझ्या डोक्याच्या वर गेला होता, आणि त्याच्याभोवती त्याची कलमं ओळीने मांडलेली होती. बाईंनी त्यातलं सगळ्यात चांगलं कलम मावशींच्या हातात दिलं. मला कढीपत्ता दिला. दोन्हींचे पैसे मीच दिले, तेही मावशी म्हणाल्या म्हणून.

मग बाईंनी आम्हाला बसवलं आणि चहा केला. मी कप हातात घेतला, उजेडात धरला, नीट बघितला. मावशी माझ्याकडे बघत होत्या.

"काय मॅडम?"

"फाटला नाहीये," मी म्हटलं.

"मंग आता प्या," त्या म्हणाल्या. मी प्यायले.